केअर सेंटर निवडताना: टाच बघा, वही बघा आणि एकदा रात्री जाऊन बघा

आईला पहिल्यांदा ज्या केंद्रात ठेवलं तिथं दारात तुळशीवृंदावन होतं, व्हरांड्यात मोगऱ्याच्या कुंड्या होत्या. चालक स्वतः उठून आले, चहा मागवला, "ताई, आता तुम्ही निर्धास्त राहा" म्हणाले. आम्ही राहिलो. अठराव्या दिवशी गाऊन बदलायला मावशींना मदत करत होते. आईला कुशीवर वळवलं आणि माकडहाडावर रुपयाएवढी काळीनिळी जागा दिसली, मधोमध सोललेली. पलंगाला टांगलेल्या वहीत दर दोन तासांनी ‘कुशी बदलली’ अशी टिक होती. घड्याळात सकाळचे अकरा वाजले होते. टिका दुपारी चारपर्यंतच्या झालेल्या, सगळ्या एकाच पेनाने, एकाच ओढीत.

नंतर आईसाठी दुसरं केंद्र शोधलं, दोन वर्षांनी सासऱ्यांसाठी तिसरं. दरम्यान चौदा-पंधरा ठिकाणं पाहिली असतील. त्यातून तपासायची जी पद्धत बसली ती लिहिते आहे. खाटेला खिळलेलं माणूस डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, कारण खरी परीक्षा तिथंच होते. हिंडत्या-फिरत्या आजोबांना सांभाळणं त्या मानाने सोपं.

आधी शब्दांचा गोंधळ

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हणजे गल्लीतलं दहा-पंधरा खाटांचं हॉस्पिटल, बाळंतपणं आणि अपेंडिक्सवालं. न्यू जर्सीतला भाऊ फोनवर "चांगलंसं नर्सिंग होम बघ" म्हणतो तेव्हा त्याच्या मनात असतं ते आपल्याकडे वृद्धाश्रम, शुश्रूषा केंद्र, केअर सेंटर, जेरियाट्रिक सेंटर अशा कुठल्याही पाटीखाली सापडतं. पाटीवरून काही कळत नाही. बरेच वृद्धाश्रम फक्त ‘स्वतःचं स्वतः करणाऱ्यां’ना घेतात आणि माणूस पडून राहिलं की "आता घेऊन जा" म्हणतात. तेव्हा पहिल्याच फोनवर विचारा: उद्या हिला राईल्स ट्यूब (नाकातून पोटात अन्न देणारी नळी) लागली, कॅथेटर (लघवीची नळी) लागला, तर ठेवाल का?

त्याच भावाला दुसरी सवय असते तारे मोजायची. त्याचं चूक नाही. अमेरिकेत मेडिकेअर प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे देतं. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन तपासणी करून ‘उत्कृष्ट’पासून ‘अपुरं’पर्यंत शेरा देतं आणि तो जाहीर असतो. आपल्याकडे असं काही नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७च्या कायद्यात दुरुस्ती करायला २०१९ साली लोकसभेत विधेयक आलं होतं, त्यात अशा केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद होती. ते मंजूर झालं नाही. गुगलवरचे पाच तारे कोण देतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणजे तपासणी अधिकारी तुम्हीच.

पायरी पहिली: जेवणाच्या वेळी जा

केंद्राने ठरवून दिलेली भेटीची वेळ म्हणजे दुपारी चार ते सहा. तेव्हा फरशी पुसलेली असते, चादरी बदललेल्या असतात, फिनेलचा वास दरवळत असतो. फार दरवळत असेल तर जरा थांबा, खाली दुसरा वास आहे का बघा. एखाद्या खोलीत लघवीचा वास येणं साहजिक आहे, कुणाचं तरी आत्ताच झालेलं असेल. जिन्यापासूनच येत असेल तर तो गाद्यांत मुरलाय.

पहिली भेट कळवून करा, दुसरी न कळवता, साडेबारा-एकच्या सुमाराला. एखाद्या बाकावर बसा आणि भरवताना बघा. माझ्या मते सबंध भेटीत याहून जास्त सांगणारी गोष्ट नाही.

चांगल्या मावशी स्टूल ओढून बसतात, म्हणजे त्यांचं तोंड आजींच्या तोंडासमोर येतं. आधी पलंगाचं डोकं वर घेतात. घास लहान, गळ्याकडे नजर, गिळल्याशिवाय पुढचा चमचा नाही. मध्येच "झालं का? अजून आहे थोडं" असं काहीतरी बोलणं चालू असतं. घाईतल्या मावशी उभ्याउभ्याच भरवतात. आजींना मान वर करावी लागते, आणि मान मागे गेली की घास श्वासनलिकेत उतरायची भीती वाढते. ठसका लागतो, मावशी पाठीवर थाप मारतात आणि पुढचा चमचा देतात. वारंवार ठसका म्हणजे पुढे न्यूमोनिया. म्हाताऱ्या माणसाचा ताप पुष्कळदा या चमच्यातून सुरू होतो.

नळीने भरवलं जात असेल तर तीन गोष्टी बघा. डोकं ३० ते ४५ अंश वर आहे का, फीड झाल्यावर निदान अर्धा-पाऊण तास तसंच ठेवतात का, आणि सिरिंज उंच धरून आपोआप उतरू देतात की दट्ट्या दाबून ढकलतात. ढकलणारी मावशी दुष्ट नसते. तिला आणखी सात जणांना द्यायचं असतं. पण मग प्रश्न माणसांच्या संख्येचा होतो, त्याकडे येतेच.

पायरी दुसरी: अंग बघा

माणूस ठेवण्याआधी दुसऱ्यांच्या आईबापांची पाठ तुम्हाला बघता येणार नाही, बघूही नये. पण खाटेवर पडलेल्यांची नखं, ओठ, डोळ्यांच्या कडा, दाढी दिसते. कवळी कुठं ठेवलीय, डबीवर नाव आहे का? चष्मा डोळ्यांवर आहे की ड्रॉवरमध्ये? कानातलं यंत्र चालू आहे का? चार वाजता सगळ्यांच्या अंगावर गाऊनच असेल, एकाही आजीची वेणी घातलेली नसेल, तर समजा इथं फक्त पोटापाण्याचं बघतात. एक नजर खाटेजवळच्या तांब्याकडे. पाणी हाताच्या अंतरावर आहे का?

आपलं माणूस ठेवल्यावर मात्र आठवड्यातून दोनदा स्वतः अंग बघायचं. लाज वाटते, मलाही वाटायची. मावशींना म्हणायचं, "आज मी मदत करते स्पंजिंगला." माकडहाड, दोन्ही टाचा, खुब्याची हाडं, घोटे, कोपरं, डोक्याचा मागचा भाग आणि कानाची कड, म्हणजे हाड आणि गादी यांच्यामध्ये जिथं मांस नाही ती प्रत्येक जागा. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढुरका पडून पुन्हा रंग आला तर सध्या धोका नाही. दाबूनही तसाच राहिला तर ती शय्याव्रणाची, बेडसोअरची, पहिली पायरी. पुस्तकात लिहिलेला ‘लाल’ रंग आपल्या सावळ्या कातडीवर नेहमी दिसत नाही. तिथं जागा आजूबाजूपेक्षा काळपट-जांभळी, गरम किंवा टणक लागते. म्हणून बघायचं तसं हात लावूनही पाहायचं.

एअर बेड आहे म्हणून कुशी बदलायला नको, असं एका ठिकाणी मला ठासून सांगितलं गेलं. चूक आहे. एअर बेडने दाब कमी होतो, संपत नाही. आणि तो चालू आहे का तेही बघा. पंपाचा प्लग काढून मोबाईल चार्जिंगला लावलेला मी पाहिलाय.

वजन दर महिन्याला मागा. महिन्यात पाच टक्के घट, म्हणजे ५० किलोच्या माणसाचे अडीच किलो, ही डॉक्टरांना दाखवायची गोष्ट आहे. उभं राहता येत नसेल तर दंडाचा घेर टेपने मोजा, दर वेळी त्याच जागी, आणि तारीख घालून लिहून ठेवा.

कॅथेटर असेल तर पिशवी कमरेच्या पातळीखाली टांगलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. घातल्याची तारीख पिशवीवर किंवा वहीत हवी. "कधी बदललाय?" याला "मागच्याच महिन्यात" हे उत्तर चालत नाही.

पायरी तिसरी: डायपरचा हिशेब

हे मला एका हॉस्पिटलातल्या सिस्टरने शिकवलं. डायपर बहुतेक केंद्रं वेगळे लावतात किंवा आपल्याला आणून द्यायला सांगतात. दिवसाला चार धरले तर महिन्याला १२०, दहाच्या पॅकची बारा पाकिटं. बारा पाकिटं दिली आणि महिनाअखेर सहा शिल्लक असतील तर आनंद मानू नका. दिवसाला दोनच बदलले गेलेत, बारा-बारा तास माणूस ओल्यात आहे. याउलट पंधरा दिवसांत बारा संपली तर एक तर जुलाब झाले आणि तुम्हाला कळवलं नाही, किंवा पाकिटं शेजारच्या खाटेवर गेली. दोन्ही विचारण्यासारखं. आवाज न चढवता विचारा, पण आकड्यासकट.

पायरी चौथी: रात्र

सगळ्या केंद्रांचं माहितीपत्रक दिवसाचं असतं. तुम्ही रात्री साडेनऊला जा, औषध द्यायचं राहिलं म्हणून, शाल द्यायची राहिली म्हणून, काही निमित्त काढा. पाळी बदललेली असते. रात्री किती माणसं आहेत ते डोळ्यांनी मोजा.

मग हे गणित करा. समजा बारा जण खाटेला खिळलेले आहेत. एकाला वळवायचं, डायपर बघायचा, पाठीशी आणि गुडघ्यांत उशी लावायची, याला दोन माणसांना पाच मिनिटं लागतात. बारा जणांना एक तास. दर दोन तासांनी एक तास, म्हणजे दोघीजणींची अर्धी रात्र फक्त यातच गेली. रात्री एकच मावशी असेल आणि वहीत सगळ्यांच्या सगळ्या टिका असतील, तर वही खोटी आहे. चालकांशी वाद घालायची गरज नाही, गणित पुरे.

मावशींशी बोला, पण त्यांची उलटतपासणी घेतल्यासारखं नको. "किती वर्षं आहात इथं?", "सुट्टी कधी असते?", "जेवलात का?" बहुतेक जणी माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोमार्फत आलेल्या असतात, बारा तासांची पाळी करतात, काही तर चोवीस तास तिथंच राहतात. चार-पाच वर्षं टिकलेल्या मावशी दिसल्या तर ते केंद्राचं सगळ्यांत मोठं प्रमाणपत्र. दर भेटीला नवे चेहरे दिसत असतील तर तुमच्या आईला डाव्या कुशीवर झोप लागत नाही हे लक्षात ठेवणारं तिथं कुणी उरत नाही.

‘सिस्टर’ शब्दाची खातरजमा करा. पांढरा कोट कुणीही घालतं. इंजेक्शन, ड्रेसिंग, नळी बदलणं ही कामं प्रशिक्षित परिचारिकेची, म्हणजे जीएनएम, बीएस्सी नर्सिंग किंवा निदान एएनएम झालेल्या व्यक्तीची. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का, हे विचारलं तर खऱ्या सिस्टरना राग येत नाही. रात्री अशी एक तरी असते का?

बांधणं आणि झोपवणं

हा भाग कुणी आपणहून सांगत नाही. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेली माणसं नळी ओढतात, कठडा ओलांडून पडतात, रात्रभर हाका मारतात. मग हात ओढणीने खाटेला बांधले जातात, किंवा गोळी वाढवली जाते. सरळ विचारा, "हात कधी बांधता?" "आमच्याकडे कधीच नाही" या उत्तरावर माझा चटकन विश्वास बसत नाही. दुसऱ्या केंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "नळी ओढणाऱ्यांना हातमोजे घालतो, डॉक्टरांच्या लेखी सांगण्यावरून, घरच्यांना कळवून, आणि दर दोन तासांनी काढून बोटं हलवून घेतो." आईला मी तिथं ठेवलं ते या वाक्यामुळे.

गोळ्यांचं तसंच. भर दुपारी बाराला अर्धा वॉर्ड घोरत असेल तर शंका घ्या. आपल्या माणसाची औषधांची यादी दर महिन्याला फोटो काढून घ्या आणि नवं नाव दिसलं की कुणी, कशासाठी सुरू केलं ते विचारा. क्वेटायपीनसारखी मानसोपचाराची औषधं कधी लागतातही. पण डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिलेला आहे. "जरा शांत राहतात" एवढ्या कारणावर ती सुरू व्हायला नकोत.

पायरी पाचवी: कागद

इथं थोडक्यात आवरते. उपचार आणि शुश्रूषा देणाऱ्या ठिकाणाची नोंदणी १९४९च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली होते. शहरात ती महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते. सलाईन लावणारं, नळ्या घालणारं केंद्र असेल तर हे प्रमाणपत्र आणि त्याची मुदत बघा. नुसता ट्रस्ट नोंदवलेला असणं म्हणजे ही नोंदणी नव्हे. आग लागली तर काय, हा प्रश्न भाड्याच्या बंगल्यात चालणाऱ्या केंद्रांना नक्की विचारा. अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. खिडक्यांना गज, दाराला कुलूप आणि किल्ली वॉचमनकडे, अशी अवस्था असेल तर कुठल्याच कागदाचा उपयोग नाही. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का ते स्वतः बघा. ऑक्सिजन सिलिंडर असेल तर त्याचा काटा बघा, दोनदा मला तो शून्यावर सापडला.

पायरी सहावी: करार, आणि टाळलेले तीन प्रश्न

मासिक रकमेत काय नाही याची यादी लिहून घ्या: औषधं, डायपर, एअर बेडचं भाडं, फिजिओ, डॉक्टरांची व्हिजिट, ड्रेसिंग. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल, महिना अर्धवट सुटला तर काय, हेही कागदावर.

मग ते तीन प्रश्न. पहिला: तब्येत बिघडली तर कुठल्या हॉस्पिटलात नेणार, १०८ बोलावणार की स्वतःची गाडी, आणि रात्री तिथं सोबत कोण थांबणार? बहुतेक केंद्रं माणूस पाठवत नाहीत. मुलं परदेशात असतील तर याची तजवीज आधीच लागते. दुसरा: हॉस्पिटलातून परत आल्यावर खाट मिळेल का, मधल्या दिवसांचे पैसे लागतील का? तिसरा प्रश्न जड आहे, पण विचारायचाच. रात्री दोनला तिथंच काही झालं तर मृत्यूचा दाखला कोणते डॉक्टर देतील? नियमित तपासणारे डॉक्टर असतील तर ते देतात. नसतील तर त्या अवस्थेत दाखल्यासाठी धावाधाव करावी लागते, प्रसंगी पोलीस येतात. सासऱ्यांच्या वेळी हे आधी ठरलेलं होतं, आणि ती रात्र त्यामुळे निदान त्यांच्याजवळ बसून काढता आली.

ठेवल्यानंतर

आधी पंधरा दिवस चाचणी म्हणून ठेवा, करारात तसं लिहून. या पंधरा दिवसांत वेगवेगळ्या वेळी जा. घरातल्या चौघांनी वार वाटून घ्यावेत, पण एकाच वेळी चौघं जाऊ नयेत. परदेशातून कॅमेऱ्यावर बघणाऱ्यांसाठी एक सांगते. कॅमेऱ्यात खोली दिसते, टाच दिसत नाही. शहरातल्या एखाद्या विश्वासू माणसाला महिन्यातून दोनदा अंग बघायला पाठवणं जास्त उपयोगाचं.

काही खटकलं तर आधी ड्यूटीवरच्या सिस्टरशी, मग चालकांशी बोला, आणि बोलणं झाल्यावर त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहा: ‘आज माकडहाडावर अशी जागा दिसली, आपण असं करू म्हणालात.’ फोटो तारखेसकट. उत्तर कसं येतं यावरून केंद्र कळतं. पहिल्या ठिकाणी मला उत्तर आलं होतं, "वयामुळे होतं ताई." दुसऱ्या ठिकाणी आईच्या पोटरीवर ओरखडा उठला तेव्हा मी विचारायच्या आधीच सिस्टरचा फोन आला. चुका दोन्हीकडे झाल्या.

अगदी हाताबाहेर गेलं तर ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोन मोफत आहे. पैसे घेऊन सेवा दिली नाही यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही, तक्रार करता येते. मारहाणीची शंका असेल तर सरळ पोलीस. पण तक्रार करायची म्हणून माणूस तिथंच ठेवू नका, आधी हलवा.

पहिल्या दिवशी सोबत द्यायचा कागद

फाइल, औषधं, नावं घातलेले कपडे हे सगळे देतात. मी आणखी एक पान देते, मोठ्या अक्षरात, लॅमिनेट करून, खाटेच्या डोक्याशी चिकटवायला. आईच्या पानावर होतं: डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडून बोला. चहा बिनसाखरेचा, पण कोमट नको. डाव्या कुशीवर झोप लागत नाही, वळवल्यावर गुडघ्यांमध्ये उशी द्या. संध्याकाळी दिवा लावल्यावर हात जोडते, तेवढा वेळ थांबा. ‘आजी’ म्हटलेलं आवडत नाही, ‘बाई’ म्हणा, चौतीस वर्षं शाळेत होती.

मावशी दुसऱ्याच दिवसापासून बाई म्हणायला लागल्या. पानाखाली रिकामी जागा सोडा, औषध किंवा सवय बदलली की तिथं तारीख घालून लिहायला.